सही पालकांची, होकार मुलांचा : डिजिटल नागरिकत्वावरच्या संशोधनाची साडेतीन वर्षं

गेल्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली आणि पीएच.डी. एकदाची संपली. घरी येऊन आधी भिंतीवर चिकटवलेले पिवळे कागद काढले आणि मग हे लिहायला बसले. सुरुवातीच्या दिवसांत मला प्रबंध भरपूर वाचायला मिळाले. पण ते काम प्रत्यक्षात होतं कसं, अर्ज कुठे अडकतो, मुलं कधी गप्प बसतात, हे कोणी लिहिलेलं सापडलं नाही. या वाटेला कोणी निघालं असेल तर त्यांच्यासाठी ही नोंद. मुलांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेले आहेत.

विषय होता किशोरवयीन मुलांमध्ये डिजिटल नागरिकत्व कसं घडतं. जुलैमध्ये नोंदणी झाली. पहिल्याच भेटीत मार्गदर्शक मॅडमनी दोन प्रश्न विचारले. "डिजिटल नागरिकत्व म्हणजे तू काय धरतेस?" आणि "घडतं म्हणतेस, मग या मुलांना भेटणार किती वेळा?" मी दोन्हींवर गोलमाल उत्तरं दिली. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त "डिसेंबरमध्ये बोलू" म्हणाल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता डिसेंबर आलाच.

अडचण अशी की हा एक शब्द पण त्याखाली निरनिराळी दुकानं चालतात. 2007 मध्ये कॅरन मॉसबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला अर्थ म्हणजे इंटरनेटद्वारे समाजात सहभागी होता येणं. तिथे मूळ प्रश्न आहे तो इंटरनेट कोणाच्या हाती आहे आणि कोणाच्या नाही हा. शाळांच्या कार्यक्रमांत मात्र बहुतेकदा माईक रिबल यांचे नऊ घटक भेटतात. शिष्टाचार, कायदा, सुरक्षितता, आरोग्य, खरेदी-विक्री असे. त्यात भर जबाबदारीने वागण्यावर. 2016 मध्ये लिसा जोन्स आणि किम्बर्ली मिचेल यांनी सुचवलं की सगळं एकाच पोत्यात भरू नका, ऑनलाइन आदराने वागणं आणि नागरी सहभाग या दोनच गोष्टी धरा. त्याच वर्षी मूनसन चोई यांनी चार बाजू सांगितल्या: नैतिकता, माध्यम आणि माहिती साक्षरता, सहभाग, आणि चौथी चिकित्सक प्रतिकार. ही चौथी वाचली आणि माझा आधीचा सगळा आराखडा डळमळला. कारण तोवर माझ्या डोक्यात 'चांगला डिजिटल नागरिक' म्हणजे सांगितलेलं ऐकणारं मूल होतं. ॲप असंच का बनवलंय, हा नियम कोणी ठरवला, असं विचारणारं मूल माझ्या मोजपट्टीवर नापासच झालं असतं.

मी 42 व्याख्यांचा तक्ता केला होता. प्रबंधात त्यातलं दीड पान उरलं. तुम्ही हा तक्ता करणारच असाल तर त्यात एक रकाना जास्तीचा घाला: 'या व्याख्येत नापास कोण होतं?' माझ्यासाठी त्या एका रकान्याने उरलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं.

दुसरा प्रश्न जास्त महाग पडला. एकाच दिवशी तेरा आणि सतरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली वाटली आणि फरक दिसला, तरी तो वयाचा की पिढीचा हे कळायला मार्ग नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती पहिला फोन आला तेव्हाची ॲप आणि आत्ताची ॲप वेगळी. 'घडतं' म्हणायचं तर त्याच मुलांना पुन्हा पुन्हा भेटायला हवं. शेवटी ठरलं की दहा महिन्यांत तीन भेटी. शेवटपर्यंत 30 मुलं हवी होती, म्हणून सुरुवात 40 वर करायची. मॅडम म्हणाल्या, "गळती होणारच. परीक्षा येतात, मुलं शाळा बदलतात, कंटाळतात."

मग नीतिमत्ता समिती, म्हणजे संशोधनात कोणाला इजा तर होणार नाही ना हे तपासणारी समिती. अठरा वर्षांखालच्या मुलांवर काम करायचं तर ही परवानगी हातात आल्याशिवाय एका मुलाशीही बोलता येत नाही, ओळखीच्या मुलांवर 'सहज करून बघितलेली' चाचणीसुद्धा नाही. समितीची बैठक दर दोन महिन्यांनी. मी जानेवारीत अर्ज दिला तो मुदत संपल्यावर तीन दिवसांनी, त्यामुळे तो थेट मार्चच्या बैठकीत गेला. त्या तीन दिवसांनी दोन महिने खाल्ले. बैठकांच्या तारखा नोंदणीच्याच दिवशी विचारून ठेवा.

अर्ज 14 पानी होता, मंजूर झाला तेव्हा 31 पानी. पहिल्या फेरीत 19 शेरे आले. वाचून मी दोन दिवस फोन बंद ठेवला. समितीला माझ्यावर विश्वास नाही असं वाटलं. आता तेच शेरे पुन्हा वाचले तर त्यातले पंधरा तरी रास्त होते. उदाहरणार्थ, मी लिहिलं होतं की मुलं त्यांच्या गप्पांचे स्क्रीनशॉट दाखवतील. शेरा आला: स्क्रीनशॉटमध्ये दिसणाऱ्या बाकीच्या मुलांची संमती कुठे आहे? खरंच की! एका मुलाने होकार दिला म्हणजे त्याच्या गटातल्या वीस जणांनी दिला असं होत नाही. अजून एक: मुलांनी जाहीरपणे लिहिलेल्या ओळी मी प्रबंधात जशाच्या तशा देणार होते, नाव वगळून. पण तीच ओळ शोधयंत्रात टाकली की मूल सापडतं. म्हणून उद्धृत करायचं नाही, आशय आपल्या शब्दांत सांगायचा. आणि सर्वांत अवघड होतं ते गुप्ततेच्या मर्यादेचं. मुलाने बोलता बोलता आपला छळ होतोय असं सांगितलं तर मी ते पोटात ठेवू शकत नाही. मग कोणाला, कसं, किती तासांत सांगणार, आणि सांगणार आहे हे त्या मुलाला आधी कोणत्या शब्दांत सांगणार, हे सगळं लेखी द्यावं लागलं.

पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पाठ होतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम, म्हणजे मुलांना स्वतःचं म्हणणं मांडण्याचा हक्क, आणि 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने डिजिटल जगासाठी काढलेली 25 क्रमांकाची सर्वसाधारण टिप्पणी, म्हणजे करार कसा लागू करायचा याचं मार्गदर्शन, दोन्ही अर्जात व्यवस्थित लिहिली. लिहिणं सोपं होतं. त्याचा अर्थ पुढे एका पंधरा वर्षांच्या मुलीने समजावला, ते येईलच.

परवानगी जुलैमध्ये आली, नोंदणीला बरोबर वर्ष झाल्यावर.

शाळांच्या परवानग्यांत तीन महिने गेले. आठ शाळांना पत्रं दिली, तीन तयार झाल्या. पत्र दिलं की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एका शाळेत माझं पत्र दोनदा हरवलं आणि तिसऱ्या वेळी त्या शिक्क्यानेच लाज राखली. मुख्याध्यापकांना बहुधा वाटायचं की मी मुलांना मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण द्यायला आले आहे. "आमच्या मुलांना जरा सांगाच." मी म्हणायचे, सांगेन, पण काम संपल्यावर. आधी भाषण दिलं असतं तर पुढच्या दहा महिन्यांत मुलांनी मला माझीच वाक्यं परत ऐकवली असती.

आता प्रश्नावलीचं. तयार मोजपट्ट्या, म्हणजे उत्तरांना गुण देता येतील अशा विधानांच्या याद्या, होत्या. चोई आणि सहकाऱ्यांची 2017 ची 26 विधानांची मोजपट्टी माझ्या फार आवडीची, पण ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर बेतलेली. राजकीय मोहिमांबद्दलची विधानं चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवून काय उपयोग? जोन्स-मिचेल यांचं काम अकरा ते सतरा वयाच्या 979 मुलांवरचं, म्हणून त्या दिशेने गेले. मराठीत भाषांतर केलं, दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं, मूळ आणि उलटलेलं शेजारी ठेवून भांडलो. तरी खरी परीक्षा पुढेच होती. सहा मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगितलं आणि विचारलं, "हे वाचून तुला काय वाटलं?"

'नागरिक' शब्दावर पहिलाच मुलगा अडला. "मी नाहीये ना अजून. अठरा पूर्ण झाल्यावर होतात." दुसरी म्हणाली, "नागरिक म्हणजे ते नागरिकशास्त्रातलं का? दहा मार्कांचं?" मी ज्या शब्दावर वर्षभर वाचन केलं होतं तो मुलांसाठी एकतर मतदान होता नाहीतर मार्क. प्रश्नावलीतून तो शब्द साफ काढला.

'अनोळखी व्यक्तींशी मी ऑनलाइन बोलत नाही.' एक मुलगा पेन हातात धरून बसून राहिला. दोन वर्षं रोज रात्री ज्याच्याबरोबर तो गेम खेळतो, ज्याला त्याच्या परीक्षेचं वेळापत्रक माहीत आहे, पण ज्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नाही, तो अनोळखी की ओळखीचा? त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "मला ओळखीचा वाटतो, पण तुम्हाला काय हवंय?"

'तुम्हाला काय हवंय?' हे वाक्य मी कागदावर लिहून भिंतीवर लावलं. परवा काढलेल्या कागदांत तो होता.

कारण मोठ्या चाचणीत तेच झालं. 'मी ऑनलाइन इतरांशी आदराने वागतो/वागते' याला जवळपास सगळ्या वर्गाने 'नेहमी'वर खूण केली. मी क्रोनबॅक आल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढला तर 0.81. वाटलं, जमलं! ०.७ च्या वर म्हणजे चालतं, असं सगळ्या मार्गदर्शिका सांगतात. मॅडमनी उत्तरपत्रिका उलगडून बघितल्या आणि म्हणाल्या, "सगळी विधानं एकाच दिशेची आहेत. मूल डोळे मिटून 'हो हो' करत गेलं तरी आल्फा चांगलाच येणार." तीन मुलांनी तर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात सरळ रेघ ओढली होती. ती प्रश्नावली मी टाकली नाही, पण तिला दुय्यम केलं आणि तिच्या जागी प्रसंग आणले. वर्गाच्या गटावर एकाचा झोपेतला फोटो पडलाय, सगळे हसताहेत, फोटोतल्यानेही हसण्याची खूण टाकली आहे. तू काय करशील? आता उत्तरं वेगवेगळी यायला लागली. एकीने विचारलं, "तो खरंच हसतोय की हसावं लागतंय, हे कसं कळणार?" आदराबद्दलची माझी सगळी विधानं मिळून एवढं मोजत नव्हती.

नोव्हेंबरमध्ये पहिली फेरी. पहिल्या चार मुलाखती वाया गेल्या. दोन वेळा शिक्षक खोलीतच बसून राहिले, "शिस्तीसाठी" म्हणून. त्यांना बाहेर जा म्हणायची माझी हिंमत होईना. नंतर परवानगीच्या पत्रातच एक ओळ घालून घेतली की मुलाखतीच्या वेळी शाळेचं कोणी ऐकू येईल इतक्या अंतरावर नसेल, पण खोलीचं दार उघडं असेल. ती ओळ सुरुवातीपासून घाला. दुसरी चूक माझी होती. मी 'तू ऑनलाइन काय काय करतेस ते सांग' असं विचारायचे आणि मुलं निबंध म्हणायची. 'दाखव' म्हटल्यावर सगळं बदललं. फोन मुलाच्याच हातात, मी तो घ्यायचा नाही, पडद्याचा फोटो काढायचा नाही, नावं आली की त्याने बोटाने झाकायची. मग कोऱ्या कागदावर मुलं आपले गट काढायची: हा घरच्यांचा, हा वर्गाचा, हा वर्गाचा पण मॅडम नसलेला, हा त्यातून तिघींना वगळून केलेला.

त्या कागदांवर मला माझा प्रबंध मिळाला. एक मुलगा आजीच्या फोनवर येणारे पुढे ढकललेले संदेश रोज संध्याकाळी तपासायचा आणि खोटे निघाले की आजीला रागावू नये म्हणून "हे जुनं आहे" एवढंच सांगायचा. हे त्याला कोणी शिकवलं? "ताईनं. ती आईचं बघते, मी आजीचं." एक मुलगी गटाची ॲडमिन होती. भांडण झाल्यावर एकाला काढून टाकलं, दोन दिवसांनी परत घेतलं, आणि त्यानंतर तिने गटाला नियम केला की काढण्याआधी खाजगीत एकदा विचारायचं. दुसऱ्या फेरीत, पाच महिन्यांनी, त्या नियमात अजून एक भर पडली होती: ॲडमिनलाही काढता येईल. मी थक्क होऊन बघत राहिले. शाळेतल्या सायबर सुरक्षेच्या तासाचा उल्लेख या मुलांच्या बोलण्यात क्वचित यायचा. आला तर पासवर्डच्या संदर्भात. बाकी शिक्षण कशातून तर काहीतरी बिघडलं, लाज वाटली, मग ते सावरायला गेले त्यातून. सगळीच सावरतात असं मात्र नाही. काहींनी तर बिघडल्यावर एकच गोष्ट शिकली होती, ती म्हणजे दुसरं खातं उघडणं.

दुसरी फेरी संपली आणि जूनमध्ये, मुलांना आणि पालकांना दिलेल्या माहितीपत्रकावरच्या माझ्या क्रमांकावर एक संदेश आला. "मॅडम, मला यातून बाहेर पडायचंय. माझं रेकॉर्डिंग काढून टाकाल का?"

मुलगी पंधरा वर्षांची, मुलाखत माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या दोन-तीनपैकी. पहिली प्रतिक्रिया काय झाली ते प्रामाणिकपणे सांगते: तिला 'का?' विचारावं आणि जमलं तर वळवावं. संदेश टाइपही केला. मग माझ्याच पत्रकातलं वाक्य आठवलं, 'कोणतंही कारण न देता कधीही बाहेर पडता येईल.' टाइप केलेलं पुसलं. पालकांना कळवणं आवश्यक होतं म्हणून तिच्या आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, तिचं काय ऐकता, मी सही केलीय ना? चालू ठेवा तुम्ही." कागदोपत्री माझ्याकडे संमती होती. मी म्हटलं, "तुमची सही आहे, पण तिचा होकार आता नाही. दोन्ही लागतात." फोनवर बराच वेळ शांतता होती.

पुसायला बसल्यावर कळलं की एक मुलाखत किती ठिकाणी राहते. रेकॉर्डरमधलं कार्ड, लॅपटॉप, बाहेरची डिस्क, त्या डिस्कची प्रत, शब्दांकन, संकेतांकनाची (मजकुराच्या तुकड्यांना विषयांची लेबलं लावण्याची) फाइल, माझी हस्तलिखित वही, मॅडमना पाठवलेली ईमेल, आणि एका चर्चासत्रातल्या सादरीकरणात तिच्या म्हणण्याचा आशय. नऊ जागा, दोन पूर्ण दिवस. झाल्यावर तिला कळवलं. उत्तर आलं: "काढलं हे मला कसं कळणार?"

याचं उत्तर अर्जाच्या 31 पानांत कुठेच नव्हतं. शेवटी नऊ जागांची यादी, प्रत्येकीपुढे पुसल्याची तारीख, आणि खाली माझी सही असं पत्र तिला दिलं. नीतिमत्ता समितीलाही कळवावं लागलं, त्यांचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर मी बाकीच्यांच्या माहितीपत्रकात दुरुस्ती सुचवली: कोणत्या तारखेपर्यंत माहिती मागे घेता येईल आणि ती कुठे कुठे साठवलेली आहे. तुमच्या पत्रकात हे पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि साठवणुकीच्या जागा कमी ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिसरी फेरी आटोपली. 40 पैकी 31 मुलं राहिली. नंतरचे सात महिने टंकन आणि वाचन, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. एका तासाच्या मुलाखतीला मला सहा-सात तास लागले. आवाज आपोआप मजकुरात उतरवणाऱ्या सेवा आहेत, पण त्यासाठी मुलांचे आवाज बाहेरच्या सर्व्हरवर चढवावे लागले असते आणि संमतीपत्रात तसं लिहिलेलं नव्हतं. हाताने केलं, मान आखडली. विश्लेषणासाठी ब्राउन आणि क्लार्क यांची 2006 ची आशयसूत्रांची पद्धत वापरली, म्हणजे मुलाखतींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे अर्थाचे धागे शोधण्याची. 'मुलाखतींमधून पाच सूत्रं उगवली' असं मी लिहिलं तिथे मॅडमनी लाल रेघ मारली: "उगवायला ती काय गवत आहेत? तू निवडलीस. का निवडलीस ते लिही." ब्राउन आणि क्लार्कही नेमकं हेच बजावतात, मी वाचून विसरले होते.

तोंडी परीक्षेत अपेक्षित प्रश्न आलेच नाहीत. पंधरा मिनिटं त्या बाहेर पडलेल्या मुलीवर चर्चा झाली. तिच्या मुलाखतीतलं काही मी वापरलं नव्हतं, पण ती बाहेर पडली कशी हे पद्धतीच्या प्रकरणात दोन पानं लिहिलं होतं. तेही तिला विचारून. तिने 'चालेल' लिहिलं होतं आणि पुढे: "पण मी कोणत्या वर्गात होते ते नका लिहू." नाही लिहिलं.

आता एकच काम बाकी आहे. तिन्ही शाळांत मुलांना निष्कर्ष सांगायला गेले होते, एका पानाचा सारांश घेऊन. एका शाळेत मुलांनी तो गटागटाने वाचला आणि मागून हात वर झाला. "मॅडम, तुम्ही लिहिलंय की मुलं चुकांमधून शिकतात. आमच्याच चुका का? तुम्ही मोठेपण गटावर खोटं पाठवता की." वर्ग हसला. मी ते वाक्य खोडलं आणि पान परत घेऊन आले. दुसरा मसुदा त्यांना पाठवला, त्यावर चार दुरुस्त्या आल्या. सध्या तिसरा चालू आहे.